पहारेकऱ्याचा घोट

मित्रांनो, माझ्या पोटाला तारेचा पट्टा बांधलेला आहे म्हणून हसू नका. तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांनाही पट्टा लागतोच, फक्त त्यांचा चामड्याचा असतो. मी एक जुनी मातीची हंडी आहे. तांबडी जन्मले, आता तळाशी काळी आणि कडेला तपकिरी झाले आहे. इटलीत पार्मा शहरातून वर टेकड्यांकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावरच्या एका गावात माझं घर आहे. माझं म्हणजे नीवेसचं. पण चुलीवर जास्त वेळ कोण बसलं याचा हिशोब काढलात, तर घर माझंच निघेल.

ज्या कुंभाराने मला घडवलं त्याचा अंगठा वाकडा होता. त्यामुळे माझा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर आहे. जत्रेत मला मांडलं तेव्हा सरळ कानांच्या हंड्या पटापट उचलल्या गेल्या आणि मी गवतात तशीच पडून राहिले. संध्याकाळी आर्जा नावाची एक बाई आली. तिने मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावून आवाज ऐकला.

"कान वाकडा आहे, पण आवाज खरा आहे," ती म्हणाली. "माणसांत बहुतेक उलटं असतं."

तिने मला घरी नेलं, पाण्यात बुडवून ठेवलं, मग आतून लसूण चोळला आणि दूध उकळलं. मातीच्या भांड्याचं बारसं आमच्याकडे असंच होतं. आणि मग एका थंडीत तिने मला माझं खरं काम दिलं. त्या कामाचं नाव स्त्राकोत्तो.

स्त्राकोत्तो म्हणजे शिजल्यावरही शिजवतच राहिलेलं. बैलाच्या मांसाचा एक सबंध तुकडा घ्यायचा, त्यात लसणाच्या पाकळ्या खुपसायच्या. लोण्यात कांदा, गाजर आणि सेलरीचे देठ बारीक चिरून परतायचे. दोन लवंगा, दालचिनीचा एवढासा तुकडा, चमचाभर आटवलेला टोमॅटो, थोडा हाडांचा रस्सा. मग मला चुलीच्या कोपऱ्यात सरकवायचं, जिथे आच असते पण घाई नसते. बुडबुडा यावा तो पेंगत यावा. पहाटे ठेवलेलं संध्याकाळपर्यंत शिजतं. तोवर घराच्या पडद्यांना, अंथरुणांना आणि दारात लटकवलेल्या कोटांना असा काही वास लागतो, की पोस्टमनसुद्धा पत्र देऊन उगाच हवापाण्याच्या गप्पा काढतो.

मला झाकण नाही. झाकणाच्या जागी माझ्या तोंडावर सूपाची खोलगट बशी बसते आणि त्या बशीत आमच्याकडची लाल वाइन भरलेली असते. खालच्या वाफेने ती वाइन हळूहळू गरम होते. गरम झाली की बशी तिरकी करून ती माझ्या पोटात सोडायची आणि बशी पुन्हा भरायची. थंड वाइन एकदम ओतली तर मांस दचकतं, असं आर्जा म्हणे. दिवसभरात किती वाइन, तर निळ्या काठाच्या मगाने तीन मग. हे माप आर्जाला तिच्या सासूने दिलं होतं आणि ते माप म्हणजे या घरात देवाची आज्ञा होती.

आता यातली गंमत ऐका. हा स्त्राकोत्तो नाताळच्या आदल्या दिवशी रांधायचा. त्याचा दाट रस ब्रेडच्या चुऱ्यात आणि किसलेल्या चीजमध्ये मुरवायचा, ते सारण पिठाच्या पातळ पारीत भरून छोट्या गोल अनोलिनी करायच्या आणि नाताळच्या दुपारी त्या कोंबडीच्या रश्श्यात सोडून वाढायच्या. मांसाचा तुकडा सारणात घालायचा नाही, तो मागाहून मक्याच्या पिठल्याबरोबर खायचा. पण नाताळच्या आदल्या दिवशी असतो उपास. मांसाचा कण जिभेला लावायचा नाही. म्हणजे वर्षातला सगळ्यात मानाचा पदार्थ इथल्या बायका न चाखता करतात! नुसत्या मापाच्या आणि देवाच्या भरवशावर. म्हणून तर मापाला एवढी किंमत.

बाई दिवसभर पीठ मळण्यात गुंतलेली, मग बशीकडे लक्ष कोण ठेवणार? त्यासाठी चुलीशेजारी खुर्ची टाकून एक जण बसवायचा. त्याला म्हणायचं पहारेकरी. वाइन गरम झाली की त्याने हाक मारायची, एवढंच काम.

आर्जाची सून म्हणून नीवेस या घरात आली तेव्हा पहारेकरी होता आर्जाचा मुलगा, म्हणजे नीवेसचा नवरा ओविदियो. चीजच्या कारखान्यात कढया ढवळून त्याचे दंड खांबासारखे झाले होते आणि मिशी झाडूसारखी. आर्जाने मरताना मला आणि तो निळ्या काठाचा मग नीवेसच्या हवाली केला.

"तीन मग, पोरी," ती म्हणाली. "कमी नाही, जास्त नाही."

"तीनच, मम्मा. तुम्ही काळजी करू नका," नीवेस म्हणाली.

आणि तिने ते पाळलं. नीवेसचा स्त्राकोत्तो म्हणजे काय होता ते त्या गल्लीला विचारा. नाताळच्या दुपारी तिच्या अनोलिनी खाताना माणसं बोलायची थांबत. तिची नणंद दिर्चेसुद्धा, आणि दिर्चे चर्चमध्ये प्रवचन चालू असतानाही थांबत नसे.

पण श्रेय कोणाच्या खाती किती मांडायचं, ते मला ठाऊक होतं. नीवेसची पाठ वळली आणि लाटणं पिठावर फिरायला लागलं, की ओविदियो खुर्चीतून पुढे झुकायचा. हात गुडघ्यांवर, चेहरा चर्चमध्ये बसल्यासारखा. आणि थेट बशीच्या काठाला ओठ टेकवून एक लांब, बिनआवाजी घोट घ्यायचा. मिशीचे केस वाइनमध्ये बुडत. मग मागे टेकून छताकडे बघायचा आणि थोड्या वेळाने हाक द्यायचा, "नीवेस, बशी गरम झाली!"

ती येऊन उरलेली वाइन माझ्यात सोडायची, बशी पुन्हा भरायची आणि त्याच्याकडे निरखून बघायची.

"मिशीला काय लागलंय?"

"टोमॅटो."

"टोमॅटो कधी खाल्लास तू?"

"मग वयाने असेल. काहींच्या पांढऱ्या होतात, माझ्या लाल होतायत."

"बाटलीला तोंड लावलंस ना? खोटारडा मेला!" असं म्हणून ती कमरेच्या फडक्याने त्याची मिशी पुसायची आणि वाइनची बाटली कपाटात ठेवून कुलूप घालायची. किल्ली खिशात टाकली की निर्धास्त. मांजर दुधाच्या पातेल्याशी बसवायचं आणि दुकानाला कुलूप लावायचं, असा तो बंदोबस्त होता.

माझ्या पट्ट्याची गोष्टही त्याच माणसाची. त्यांची मुलगी ओर्नेल्ला लहान असताना तिने आईला मदत म्हणून मला चुलीवरून उचललं आणि गार दगडी मोरीत ठेवलं. माझ्या पोटाला कानापासून बुडापर्यंत तडा गेला. पोर रडायला लागली. नीवेस म्हणाली, "जाऊ दे, नवीन ॲल्युमिनियमचं घेऊ." ओविदियोने मला मांडीवर घेतलं, कारखान्यातून आणलेली जाड तार माझ्याभोवती गुंडाळली आणि पक्कडीने पिरगळून आवळली.

"तडा गेला म्हणून टाकायचं, तर आधी मला टाक," तो म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, काय माया आहे या माणसाला जुन्या वस्तूंची! माया होतीच. पण मित्रांनो, खरं सांगते, दुकानातल्या त्या ॲल्युमिनियमच्या भांड्याला झाकण होतं.

अशी किती वर्षं गेली. ओर्नेल्ला लग्न करून पार्मात गेली. ओविदियो खरंच पांढरा झाला, मिशीचा लाल भाग सोडून. आणि एका वर्षी, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, तो बाकावर बसल्या बसल्या गेला.

त्या नाताळच्या आदल्या दिवशी नीवेसने एकटीनेच मला चुलीवर ठेवलं. खुर्ची तिथेच होती, रिकामी. तिने मधूनमधून येऊन बशीला बोट लावलं, वाइन गरम होताच माझ्यात सोडली, पुन्हा भरली. पहिला मग आत गेला. दुसरा गेला. आणि तिसराही सगळाच्या सगळा आत गेला! मला पोटभर ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हा हंड्यांना तोंड मोठं दिलंय आणि जीभ दिलेली नाही.

संध्याकाळी रस काढला तो पातळ. तिने भुवया आक्रसल्या, पण चाखायचं तर नाही. आणखी चुरा घातला, आणखी चीज किसलं. दुसऱ्या दिवशी त्या अनोलिनी रश्श्यात गेल्या आणि निम्म्या फुटल्या. उरल्या त्या आंबट. जावयाने वरून चीज भुरभुरवलं, मग पुन्हा भुरभुरवलं, मग चीजच खाल्लं. दिर्चे बोलत राहिली. आणि ओर्नेल्ला म्हणाली, "छान झाल्यात हं, मम्मा."

मी त्या घरात पुष्कळ 'छान' ऐकले आहेत. पोटातून आलेला 'छान' घास तोंडात असताना येतो. हा पाणी पिऊन झाल्यावर आला होता.

सगळे गेल्यावर नीवेसने माझ्या तळाचा रस बोटाने चाटून पाहिला. 

"हाताची चव गेली माझ्या," ती मला म्हणाली. दुसरं होतं कोण तिथे?

वर्षभर मी कपाटावर धूळ खात पडले. एकटीसाठी कोण स्त्राकोत्तो करतं? नीवेस एक अंडं तळून घ्यायची आणि उभ्यानेच खायची. मग ओर्नेल्ला आली ती ठरवूनच.

"मम्मा, या नाताळला तू आमच्याकडे ये. अनोलिनी दुकानातून आणू. हल्ली चांगल्या मिळतात."

"दुकानातून!" नीवेसने छातीवर क्रॉसची खूण केली.

"आणि नुसती नाताळला नाही. कायमची ये. इथे एकटी काय करतेस? हे जिने, ही चूल, लाकडं. ती खोली तुझ्यासाठीच रंगवलीये आम्ही. आणि ही हंडी पण घे बरोबर, बाल्कनीत हिच्यात जिरेनियम छान दिसेल."

मित्रांनो, मी फुलांविरुद्ध नाही. पण ज्या तोंडाने आयुष्यभर वाफ सोडली, त्यात माती कोंबायची?

नीवेसने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, आधीच पुसलेलं. मग म्हणाली, "या वर्षी इथेच या सगळे. एकदाच. बिघडलं तर पेटी भरते आणि येते. मग वाद घालणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

आता काय पणाला लागलं होतं ते कळलं ना? तिचं घर, तिची चूल आणि मी.

नाताळच्या आदल्या दिवशी बाहेर धुकं इतकं होतं की समोरचा खुराडा दिसत नव्हता. नीवेसने मला खाली काढलं, पुसलं, लसूण चोळला. मांस ठेवलं, बशी बसवली. मग तिने तो निळ्या काठाचा मग भरून घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. कमी घालावी का? पण आर्जाचं माप मोडायचं म्हणजे मेलेल्या सासूशी भांडण काढायचं, आणि जिवंत सासूशी ती कधी जिंकली नव्हती. तीन म्हणजे तीन.

एवढ्यात दार ढकलून दिर्चे आत आली, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शाली.

"माझ्याकडचा घर तापवायचा बंब बंद पडलाय. दुरुस्तीवाला म्हणतो सणानंतर. मी मेले तरी सणानंतरच या म्हणावं. तुझ्या चुलीशी बसते."

"बस. पण तोंड बंद ठेव. आज माझं चित्त थाऱ्यावर नाही."

दिर्चे ओविदियोच्या खुर्चीत बसली आणि पाय चुलीला लावले.

"पीठ घट्ट मळतेयस."

"तुझ्या जिभेसारखं सैल नको म्हणून."

"ओविदियोसमोर अशी बोलली असतीस तर त्याने माझी बाजू घेतली असती."

"त्याने चुलीची बाजू घेतली असती. तिथून हलायचाच नाही."

नीवेसची पाठ वळली. लाटणं फिरायला लागलं. आणि मला वरून एक ओळखीचा भार जाणवला. हात गुडघ्यांवर. मान तशीच तिरकी. ओठ बशीच्या काठाला टेकले आणि एक लांब, बिनआवाजी घोट गेला. मिशी तेवढी नव्हती. माझी माती आतून शहारली!

काही वेळाने नीवेस आली, बशीत डोकावली.

"तू आत ओतलीस का गं?"

"नाही बाई. मी कशाला हात लावू?"

"मग गेली कुठे?"

दिर्चे छताकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर लाल रेघ होती, बशीच्या काठाच्या मापाची.

"दिर्चे!"

"अगं, एक घोट."

"आज उपास आहे!"

"मांसाचा. वाइनला कुठे हाडं असतात? आणि आज मी एक घोट घेतला तर केवढी ओरडतेस! ओविदियो तर अर्धी बशी—" दिर्चे थांबली. जन्मात पहिल्यांदा ती वाक्याच्या मधे थांबली.

"ओविदियो काय?"

"तुला माहीत नव्हतं?"

"ओविदियो काय, दिर्चे?"

"अगं, पहारेकऱ्याचा वाटा असतो ना तो! आमच्या घरात कायमचा. आधी बाबा प्यायचे, मग मी, मग तो. मम्मा तीन मग काढायची ते दोन मांसाला आणि एक पहारेकऱ्याला. नाहीतर दिवसभर चुलीशी फुकट कोण बसतंय?"

"तिने मला नुसतं सांगितलं, तीन मग."

"मग, तीनच होते की! कोण पितं ते कशाला सांगेल? सुनेला सगळं सांगून टाकलं तर सासू कसली ती?"

नीवेस पिठाचे हात तसेच घेऊन खाली बसली, लाकडांच्या पेटीवर.

"टोमॅटो," ती शेवटी म्हणाली. "टोमॅटो म्हणायचा मला! आणि मी बाटलीला कुलूप घालत होते, दिर्चे. इतकी वर्षं. किल्ली खिशात घेऊन फिरत होते."

"माहितेय. त्याला फार हसू यायचं त्याचं."

मग दोघी हसायला लागल्या. हसता हसता नीवेसचं हसणं कधी वळलं ते तिलाही कळलं नाही. तिने डोळे पुसले तर पापण्यांना पीठ लागलं. दिर्चे तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. माझा बुडबुडा पेंगत होता.

जरा वेळाने नीवेस उठली, मगात डोकावली आणि दिर्चेकडे बोट केलं.

"पी."

"आता? पुरे झालं मला."

"पी म्हणते ना! अजून अर्धा मग तुझ्या नावावर बाकी आहे. माझं घर जायची वेळ आलीय आणि तुला आजच सभ्यपणा सुचतोय?"

दिर्चेने घराण्याचं कर्तव्य शेवटच्या थेंबापर्यंत बजावलं. संध्याकाळी रस निघाला तो काळसर, दाट, चमच्याला धरून राहणारा. नीवेसने तो चाखला नाही. चमचा उलटा करून नुसता बघितला आणि तो पडायला किती वेळ घेतो ते बघून माझ्या तारेच्या पट्ट्यावर दोन बोटं थोपटली.

नाताळच्या दुपारी पहिला घास तोंडात गेला आणि टेबल गप्प झालं. जावयाचा हात चीजकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. ओर्नेल्लाने घास गिळला नव्हता तरी बोलली, "मम्मा! काय केलंस?"

"मी केलं," दिर्चे म्हणाली. तिचं डोकं अजून जड होतं. मग तिने सगळी हकिकत सांगितली, थोडी वाढवून. जावई डोळे पुसेपर्यंत हसला. ओर्नेल्ला मात्र हिशोबाची, माझ्यासारखीच. ती म्हणाली, "मग सोपं आहे की. यापुढे दोनच मग घाल. कोणी बसायची गरजच नाही."

नीवेसने पळी खाली ठेवली.

"वाइन कमी करायची नाही," ती म्हणाली. "माणूस आणून बसवायचा. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी तू ये. पहाटे."

"मला गाडी चालवत परत जायचं असतं, मम्मा."

"मग जाऊ नकोस. तुझी खोली मीही ठेवलीय."

ओर्नेल्लाने पेटी भरायचा विषय काढला नाही. ती उठून चुलीशी आली, ब्रेडचा तुकडा तोडला आणि माझ्या तळाला चिकटलेला रस पुसून पुसून खाल्ला. लहानपणी जिथे तडा पाडला होता तिथे तिची बोटं जरा रेंगाळली.

पुढच्या वर्षी ती आली, ठरल्यापेक्षा लवकर. खुर्चीत बसली. कोणी शिकवलं नव्हतं, तरी हात गुडघ्यांवर, मान तिरकी. नीवेस बशी भरायला आली तर काठावर लिपस्टिकची अर्धगोल खूण होती. तिने ती पाहिली. पुसली नाही. बाटली टेबलावर उघडीच ठेवली आणि पुन्हा लाटायला गेली.

मित्रांनो, मातीच्या भांड्याला तापलेलं असताना गार दगडावर ठेवू नका. धुऊन ओलं कपाटात कोंबू नका. तडा गेला तर फेकण्याआधी तार शोधा. एवढं केलंत तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही जेवू घालू. आणि तुमच्या घरी कोणी दिवसभर चुलीशी राबत असेल, तर जवळ खुर्ची ओढा आणि बसा. तुमच्या वाट्याचं काहीतरी त्या मापात आधीच धरलेलं असतं. ते कोणी घेतलं नाही, तर सगळा पदार्थ आंबट होतो.